जानेवारीतली प्लेट

कुंदाने कार्डावरची एकच रेघ उजेडात धरून पाहिली आणि कार्ड पिवळ्या डब्यात टाकलं. थंडीतला नेहमीचा विषाणू नव्हता. सकाळपासून जुलाबाचा हा चौथा नमुना, आणि चारही मोठ्या माणसांचे.

“दीदी, या नमुन्याची कॉलऱ्याची प्लेट लावून द्या ना,” दारातून डॉक्टर अवंती म्हणाली. “वॉर्डातल्या या काकूंची हालत ठीक नाही. चौथी सलाइन चालू आहे.”

“जानेवारीत काहून? कॉलरा पावसाळ्यातला. थंडीत लेकरांचा विषाणू. सव्वीस वर्षं हेच पाहून राहिली मी.”

“पण या लेकरू नाहीत ना दीदी. बासष्टच्या आहेत.”

भिंतीवर कुंदानेच आखलेला तक्ता होता. जून ते सप्टेंबर कॉलऱ्याचा लाल पट्टा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी विषाणूचा निळा. पावसाळा सरला की कॉलऱ्याचे जंतू वाढवून पाहायच्या हिरव्या प्लेटी प्रयोगशाळेत कुणी तयार ठेवत नसे. आता पावडर शोधा, उकळा, ओता. तिचे पाय सकाळपासून भरून आले होते. नाही म्हणायचं ठरवूनच तिने फॉर्म ओढला आणि नाव वाचलं. अंजनी काकू. महाराजपूरच्या तिच्याच गल्लीतल्या, भिंतीला भिंत लागून घर. खाली अवंतीने लिहिलं होतं: बाहेरचं खाणं, नाही.

कुंदा पावडरचा डबा शोधायला उठली.

दुसऱ्या दिवशी हिरव्या प्लेटवर पिवळे ठिपके उठले होते.

“अगं बाई, कॉलराच,” ती स्वतःशीच म्हणाली. अवंतीला फोन करून ती तशीच वॉर्डात गेली.

काकूंचे ओठ सुकले होते, पण तिला पाहून त्या हसल्या.

“काकू, डॉक्टरला खरं काहून नाही सांगितलं? बाहेर काय खाल्लं?”

“काही नाही ग. परवा तुझ्या हळदीकुंकवाचे दहीवडे खाल्ले तेवढेच. तुझं घर काय बाहेर झालं?”

कुंदाने पलंगाची दांडी धरली. वडे तिने नळाच्या पाण्यात भिजवले होते. गल्ली पंधरा दिवसांपासून खोदलेली, पाण्याला मातीचा वास. पावसाळ्यात ती देवाच्या तांब्यातलं पाणीसुद्धा उकळून घ्यायची. दिवाळी झाली की बंद. आता कशाचा कॉलरा, असं तीच सगळ्यांना सांगायची. गल्लीतल्या बायका तिचं ऐकायच्या, कारण ती लॅबवाली. तिला लाज वाटली. मग परवा आलेल्या सतरा बायका आठवल्या आणि लाजेपेक्षा भीती मोठी झाली.

“अशी काहून उभी? बस ना,” काकू म्हणाल्या.

“येते काकू. काम आहे.”

खाली येऊन तिने फॉर्मवरचं ‘नाही’ खोडलं आणि तिथे आपला घर क्रमांक लिहिला. मग फोन काढला. पहिली मोनाली, समोरच्या घरातली. तिच्या कडेवर वर्षाची पोर होती परवा.

“मोनाली, मी कुंदा दीदी. पाणी उकळल्याशिवाय पिऊ नको, पोरीला तर बिलकुल नको. कोणाचं पोट बिघडलं असेल तर लगेच दवाखान्यात ये.”

मोनाली हसली. “अच्छा! तुम्हीच तर म्हणता ना दीदी, थंडीत काही होत नाही. आता काहून?”

कुंदा तक्त्याकडे पाठ करून बसली.

“कारण अंजनी काकूंना माझ्या घरचं खाऊन कॉलरा झालाय,” ती म्हणाली.