नातेवाईक : आवश्यक

सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. भिंतीवर चौकटी आणि रेषांचा आराखडा डकवला होता. एका चौकटीत घरी एकटे राहणारे म्हातारे, दुसरीत त्यांच्या गळ्यातलं धोक्याचं बटण, तिसरीत नातेवाईक. म्हाताऱ्याने बटण दाबलं की नातेवाइकाचा फोन वाजतो, अशी आमच्या नगरपालिकेची सोय. आराखड्यावरून मला डेटा डिक्शनरी लिहायची होती: कुठल्या रकान्याचा अर्थ काय, तो रिकामा चालतो की नाही. बारा वाजता जुनी माहिती नव्या यंत्रणेत जायची होती. माझ्या नियमात न बसणारी ओळ गाळली जाणार आणि ओळ गेली की बटण मुकं.

म्हातारे आणि नातेवाईक यांना जोडणाऱ्या रेषेच्या टोकाला दोन आडव्या खुणा होत्या. म्हणजे प्रत्येकाला एक तरी नातेवाईक हवाच. तिथे छोटा गोल असता, तर कुणी नसलं तरी चाललं असतं. मी बिनदिक्कत 'आवश्यक' लिहिलं. मग खरी माहिती उघडली. नातेवाईक म्हणून जागोजागी एकच नाव: ओशिल्ड टाइगलान. फोनही एकच.

आमची साहेबीण सुन्निवा ब्राउन चीजचा पाव चावत मागे येऊन उभी राहिली.

"एका बाईला एवढे आईबाप? कचरा आहे तूर्गेर, उडवून टाक."

तिला उडवलं तर म्हातारेही उडतील, असं मी म्हणालो. मग तूच काय ते बघ, पण बाराच्या आत, असं म्हणून ती गेली. सांगायला हिचं काय जातंय! मी तडकलो आणि सरळ तो नंबर लावला.

बाई घरोघर फिरणाऱ्या नर्स होत्या, आता निवृत्त. नातेवाइकाचं नाव घातल्याशिवाय यंत्र पुढेच जायचं नाही आणि काहींना तर कुणीच नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. मग सगळ्याच नर्सेस स्वतःचं नाव घालायच्या. बाकीच्यांनी नोकरी सोडताना नावं काढून घेतली, यांनी नाही. अजूनही फोन वाजला की बर्फातून जातात. मला त्यांचा रागच आला. म्हटलं, तुम्हीच घसरून पडाल एक दिवस. आता रकाना रिकामा चालेल असं लिहितो, फोन आमच्या ड्यूटीवरच्या माणसाला जाईल.

"बरं होईल रे बाबा. गुडघे राहिले नाहीत आता."

बोलता बोलता मी ओळी खाली सरकवत होतो. एका ओळीपाशी थांबलो. म्हातारी: ओशिल्ड टाइगलान. नातेवाईक: ओशिल्ड टाइगलान.

"बाई, तुम्ही बटण दाबलंत तर तुमचाच फोन वाजेल."

"माहीत आहे."

"मग इथे कुणाचं नाव घालू?"

"घालायला कुणी असतं, तर मी माझं घातलं असतं का?"

फोन ठेवला. आराखड्यावर पेनाने गोल काढला, 'आवश्यक' खोडलं, सगळ्या ओळींतून बाईंचं नाव काढलं. शेवटी त्यांची ओळ राहिली. नियमाप्रमाणे तिथला नातेवाइकाचा रकाना रिकामा सोडायला हवा होता. माझ्याने सोडवेना. तिथे मी माझं नाव आणि नंबर घातला.

सुन्निवाने पाहिलंच.

"तुझी कोण लागते ही?"

"कुणी नाही."

"अरे, हाच घोळ निस्तरायला बसलायस ना सकाळपासून?"

"हो," म्हणालो, आणि फोनचा आवाज पूर्ण वाढवून तो टेबलावर ठेवला.