धुराची राखण

चार महिने न दिसलेलं ऊन आश्विनातल्या एका सकाळी आंबोलीच्या डोंगरमाथ्यावर उतरलं. कोवळं, केशरी, संकोची ऊन. शेवाळलेल्या कौलांवरून, ओलेत्या कुंपणांवरून, हिरव्या पडलेल्या पायऱ्यांवरून ते हलक्या पावलांनी फिरलं, आणि घराघरांतून माणसं आपापली ओल बाहेर घेऊन आली.

गाद्या आल्या, उशा आल्या, लग्नातले शालू आले. कुणाच्या पोथ्या, कुणाचे शाळेचे दाखले. अंगणाअंगणांत संसार उलगडून पडले. इथली ओल मोठी लाघवी. ती दार वाजवत नाही, आवाज करत नाही. भिंतीतून झिरपते, जमिनीतून पाझरते, घटकाभर टेकते आणि घरचीच होऊन राहते. तिची सगळी सोंगं आपल्याला ठाऊक आहेत, असं पुंडलिक राऊळ आयुष्यभर मानत आला होता. बिचाऱ्याचा तेवढाच एक गर्व होता.

शिडी लावून तो स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर चढला. खाली शिडी धरून त्याची लेक प्रणिता उभी होती. पहिलटकरीण, सातवा लागलेला, आठ वर्षांनी उजवलेली कूस. वर चढायचा हट्ट तिने सोडला होता, शिडी मात्र सोडली नव्हती.

"बाबा, सावकाश हां. आयेची पेटी कोपऱ्यातच आसतली."

पेटी फणसाच्या लाकडाची, आणि तिच्या तळाशी एक दुपटं. पुंडलिकाच्या बायकोने, द्वारकेने, आपलं लग्नातलं अंजिरी लुगडं फाडून ते शिवलं होतं. लेकीच्या मुलाची आशा गावाने सोडली, डॉक्टरांनी सोडली. द्वारकेने सुई सोडली नाही. खोकत खोकत शिवत राहिली, धापा टाकत शिवत राहिली. गेल्या माघात ती गेली. जाताना एवढंच म्हणाली, "पेटी सांभाळा. बाळ येतला." चैत्रात प्रणिताला दिवस राहिले. तेव्हापासून त्या पोरीने एकच ध्यास घेतला होता: बाळाच्या अंगाला लागणारं पहिलं वस्त्र आईच्या हातचं असावं.

पुंडलिकाने झाकण उघडलं.

आधी वास आला. कोंदट, आंबूस, बंद पडलेल्या दिवसांचा वास. मग रंग दिसले. काळा, करडा, हिरवट. लुगड्यांवर बुरशीची मऊ लव दाटली होती. त्याने तळाशी हात घातला, दुपट्याचं टोक धरलं, आणि ते टोक आवाजसुद्धा न करता त्याच्या बोटांत राहिलं.

त्याला काही उमजेना. चाळीस वर्षं हीच पेटी, हाच माळा, हाच कोपरा. चाळीस पावसाळे कोसळून गेले, एका धाग्याला डाग पडला नाही. मग यंदाच काय झालं?

त्याची नजर फळ्यांच्या फटीतून खाली गेली. पूर्वी तिथे चूल होती. आता तिथे पांढरी, चकचकीत फरशी होती आणि गॅसची शेगडी होती.

चूल त्यानेच फोडली होती. गेल्या कार्तिकात, पहार घेऊन, स्वतःच्या हातांनी. द्वारकेचा खोकला हटेना, डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं, आणि या माणसाने दुसऱ्याच दिवशी चुलीचं नामोनिशाण ठेवलं नाही. धूर थांबला, आणि माळ्याची राखण थांबली. रोज दोन वेळा फटींतून चढणारा धूर, पेटीला ऊब देणारा धूर, ओलीला उंबऱ्याबाहेर ठेवणारा धूर. जो द्वारकेची छाती पोखरत होता, तोच तिचा ठेवा जपत होता. हे त्याला आज कळलं.

पेटी त्याने कशीबशी खाली आणली. लेकीच्या तोंडाकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

"बाय, ह्या माझ्याच हातान झाला गो. मी चूल मोडलंय."

प्रणिता पेटीपाशी बसली. तिने पाहिलं, आणि ती रडली; आई गेली त्या दिवशी रडली नव्हती इतकी रडली. बऱ्याच वेळाने तिने पदराने डोळे कोरडे केले.

"तुमी चूल मोडलात म्हणान ते तीन म्हयने आये रात्री निजली, बाबा. फोनार बोलताना एकदा पण खोकली नाय."

मग तिने दुपट्याची घडी उलगडायला घेतली. एक पदर गेलेला, दुसरा गेलेला, तिसरा गेलेला. आणि अगदी आत, मधोमध, दोन विती कापड अजून अंजिरी होतं. त्यावरचे टाके शाबूत होते.

"डोक्यापुरता आसा," ती म्हणाली. "टोपडा होतला."

तिने तेवढंच कापून घेतलं, रिठ्याच्या पाण्यात धुतलं. पुंडलिकाने ते दोरीवर घातलं आणि समोर खुर्ची टाकून बसला. पण आंबोलीचं ऊन दुपार धरत नाही. दरीतून धुकं उठलं, झाडं पुसत, वाटा पुसत वर आलं. अंगणांतून एकच धांदल उडाली. कापड ओलंच होतं. इस्त्री त्या जीर्ण धाग्यांना सोसली नसती, आणि शेगडीच्या आगीजवळ ते नेण्याचं धाडस त्याला होईना.

पुंडलिकाने सदऱ्याची बटणं सोडली. ते दोन वितींचं गार, ओलं कापड उघड्या छातीवर पसरलं. अंग शहारलं. त्याने एकेक बटण पुन्हा लावलं आणि ओटीवर भिंतीला टेकून बसला.

धुकं अंगणात आलं, पायरी चढलं, ओटीवर आलं. प्रणिताने चहा आणला. त्याने मानेनेच नको म्हटलं. हात छातीवर गुंफून, श्वाससुद्धा जपून घेत, अंगावर मूल निजावं तसा तो बसून राहिला. आणि सदऱ्याखाली, हळूहळू, ऊब धरत धरत, द्वारकेचं कापड सुकत गेलं.