साधी काच

"पाय उचल रे मेल्या, तुझंच रक्त पुसतेय मी," आयडा टॉन्क्स म्हणाली आणि तिनं फडकं बादलीत पिळलं.

शनिवारची दुपार होती. पितळेच्या भट्टीवरचे दोन ओतारी कबुतरांच्या शर्यतीवरून एकमेकांच्या अंगावर गेले होते. एकानं दुसऱ्याच्या तोंडावर स्टूल हाणलं होतं. आता दोघं शेजारी बसून बिअर पीत होते. आयडाला फरशीवर एक दात सापडला. तिनं तो काउंटरवर ठेवला.

"कुणाचा हा?"

"चांगला असेल तर माझा," ओठ फुटलेला म्हणाला. "किडका असेल तर याचा."

सगळे हसले. हेरन पबचे मालक पर्सहाउस मात्र मान वर करून छत, आरसे, खांबांवरची सोनेरी द्राक्षं बघत होते. कुठं काही निखळलं नव्हतं. त्यांच्या आजोबांनी इटलीहून कारागीर आणून ही जागा सजवून घेतली होती आणि साऱ्या बर्मिंगहॅमला ती आपलीच वाटे. त्यामुळे इथं ठोसे पडत, ते जरा खालूनच. हेरनमध्ये माणूस फुटला तर चालत असे, काच फुटलेली चालत नसे.

काउंटरच्या उजव्या अंगाला चार लहान आडोसे होते. प्रत्येकाला रस्त्यावरून वेगळं दार. आत बसणाऱ्याचं तोंड काउंटरवाल्यांना दिसू नये म्हणून डोळ्यांच्या उंचीवर धुकट काचेच्या फिरत्या झडपा होत्या, त्यांवर बगळे कोरलेले, हेरन म्हणजे बगळाच. खाली ग्लास सरकवण्यापुरती फट. काही हवं असलं की गिऱ्हाईक झडप बोटभर फिरवी, तोंड न दाखवता सांगे आणि पुन्हा लावून घेई. काउंटरवाल्यानं झडपेला हात लावायचा नाही, हा नियम.

आयडा पोरसवदा असताना कामावर आली, तेव्हा पहिल्याच दिवशी एक झडप पुसता पुसता तिनं फिरवली होती. मालकांच्या आईनं लोखंडी डावानं तिची बोटं फोडली होती. "ते लोक आपल्याला दिसायला येत नाहीत," म्हातारी म्हणाली होती. तेव्हापासून आयडा माणसं हातांवरून ओळखू लागली. डॉक्टरांचा हात, पाद्र्याच्या विधवेचा हात, दुसऱ्याच्या बायकोला घेऊन येणाऱ्या शिंप्याचा हात. तिचे केस पिकले, तरी ती तोंडं तिनं पाहिली नाहीत. ती वरच्या माळ्यावरच राहायची. दुसरं घर तिला नव्हतं, आणि या वयात कुणी काम देईल अशी आशाही नव्हती.

शेवटच्या आडोशात दर शनिवारी एनॉक बॅगनॉल आणि त्याची बायको फ्लोरी येत. एनॉक धातूवर छाप मारायच्या यंत्रावर काम करी. त्याचा हात स्वच्छ, नखं कापलेली. ग्लास घेताना तो नेहमी म्हणायचा, "भलं होवो तुझं, बाळ." फ्लोरी घरी बसून बटणं पुठ्ठ्यावर शिवून द्यायची. तिचा अंगठा सुईनं चाळणी झालेला. गेल्या शनिवारी तिची दोन बोटं चिंधीनं एकत्र बांधलेली दिसली होती.

"फ्लोरी, काय झालं गं?" आयडानं फटीशी वाकून विचारलं होतं.

"दारात सापडली," झडपेपलीकडून एनॉकनंच उत्तर दिलं होतं.

आज आयडानं काळी बिअर सरकवली, तेव्हा फटीतून दोन हात दिसले. एनॉकचा हात फ्लोरीच्या हातावर होता. लांबून वाटलं असतं, नवराबायको हात धरून बसलीत. पण त्याचा अंगठा त्या बांधलेल्या बोटांवर होता, आणि तो हळूहळू दाबत होता.

"कुणाशी बोलत होतीस?" तो विचारत होता. आवाज अगदी मऊ.

"दूधवाल्याशी. नुसतं दुधाचं बोलले, एनॉक."

"पुन्हा सांग."

"नुसतं दुधाचं."

आयडा मालकांकडे गेली. "मालक, शेवटच्या आडोशात तो बायकोचा हात मोडतोय."

पर्सहाउसांनी तिच्याकडे पाहिलं. लढाईत ताठर झालेला पाय त्यांनी जरा बाजूला घेतला. "झडप लावलेली आहे?"

"आहे."

"मग झालं. आणि हे बघ आयडा, माळ्यावरची खोली मी तुला झडपा उघडायला नाही दिलेली."

ती परत आली. पिंपाची तोटी ठोकायची लाकडी मोगरी काउंटरखाली होती. आयडानं मोगरीकडे पाहिलं आणि ग्लास पुसायला घेतला. तेवढ्यात फटीतून आवाज आला, वाळकी शेंग मोडावी तसा. त्यामागून फ्लोरीचा आवाज आला नाही. काहीच आलं नाही.

आयडानं झडप फिरवली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं एनॉकचं तोंड पाहिलं. चष्मा लावलेला, चर्चमध्ये पुढच्या बाकावर शोभेल असा माणूस. तो बायकोकडे बघतही नव्हता. छतावरची द्राक्षं बघत होता.

"झडप लाव, बाळ," तो म्हणाला.

आयडानं मोगरी उचलली आणि त्याच्या उजव्या हातावर हाणली. दुसऱ्यांदा हाणली तेव्हा नख उडालं. तिसऱ्यांदा उगारली तेव्हा त्यानं दुसऱ्या हातानं तिचे केस धरले, तिला झडपेत ओढलं आणि तिचं कपाळ पितळी चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. काच फुटली. बगळ्याची मान तुटून तिच्या गालात रुतली. मघाचे दोघे ओतारी रस्त्याच्या दारानं आत घुसले, त्यांनी एनॉकला कॉलरला धरून भिंतीवर फेकलं आणि लाथा घातल्या.

"पुरे," आयडा म्हणाली. तिच्या तोंडात रक्त होतं. "पुरे रे. फ्लोरीच्या अंगावर पडाल."

फ्लोरी उठली. आयडाला वाटलं, ती आपल्याकडे येतेय. ती आलीही. फुटक्या झडपेतून तिनं आयडाच्या तोंडावर थुंकलं.

"आता यंत्र कोण चालवणार? तू?" ती म्हणाली. मग ती खाली बसली, दातांनी गाठ सोडून तिनं आपल्या बोटांची चिंधी काढली आणि नवऱ्याचा हात बांधू लागली. तिची मोडकी बोटं नीट वळत नव्हती. गाठ सुटत होती. ती पुन्हा बांधत होती.

पर्सहाउस काचा गोळा करत होते. "ही कला जाणणारा माणूस आता राहिला नाही," ते म्हणाले. "गाल शिवून घे, आयडा. मग सामान आवर."

आयडाला धुलाईच्या कारखान्यात काम मिळालं. राहायच्या खोलीत आणखी तीन बायका होत्या. हिवाळा गेला. एका शनिवारी दुपारी पाय दमले म्हणून, निदान स्वतःशी तरी तसंच सांगत, ती हेरनच्या रस्त्यावर वळली आणि शेवटच्या आडोशाचं दार तिनं ढकललं. गिऱ्हाइकाच्या बाजूनं ती कधी आत आली नव्हती.

झडपेच्या जागी साधी काच बसवली होती. पलीकडची नवी मुलगी, आरसे, सगळा पब स्वच्छ दिसत होता, आणि तिथून आतलंही सगळं दिसत होतं. म्हणून इथं कुणी बसत नसावं.

पण फ्लोरी बसली होती. एकटी. तिनं आयडाच्या गालावरच्या वणाकडे पाहिलं, मग आपला ग्लास सरकवून जागा केली. वाकडी जुळलेली दोन बोटं तिनं काउंटरवर, काचेसमोर, उजेडात ठेवली.

"तुलाही काळीच ना?" ती म्हणाली.

"काळीच."

शेजारच्या आडोशात, बगळ्यांच्या मागे, कुणीतरी खाकरलं.

"फ्लोरी," एनॉकचा मऊ आवाज आला. "तिथं काय बसलीस? इकडं ये."

फ्लोरी हलली नाही.

मधल्या लाकडावर एक ठोसा बसला. डाव्या हाताचा असावा, पण जोराचा. काउंटर हादरला आणि फ्लोरीच्या ग्लासातली बिअर हेलकावली. साध्या काचेतून ती नवी मुलगी बघत होती. तिनं नजर वळवली नाही.

फ्लोरीनं बिअर स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. मग वाकड्या बोटांनी ग्लास उचलला आणि एक घोट घेतला.