माती नको, आबा

मित्रांनो, मी एक जुनी तुळई. तेलगावातल्या एका भाड्याच्या खोलीचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, मी जन्मभर खांद्यावर पेललं.

ओढ्याकाठच्या कडुनिंबाची मी लेक. सुतारानं तासून मला दोन भिंतींवर बसवलं तेव्हा लोक म्हणाले, "तुळई कसली, भीमाचा दंड हाय!" मी मनातून फुलले. माझ्या अंगाला लसणाच्या जुड्या टांगल्या, कंदील टांगला आणि शेवटी पाळणा. त्यात तान्ही स्वप्नाली निजायची. तिची आजी छबुबाई झोका देता देता गायची:

तुळईबाई गं, तुझ्या खांद्यावं आभाळ,
त्याच्या सावलीला निजं माझं तान्हं बाळ.

ते ऐकून आधी अभिमान वाटायचा. पुढं धडकी भरू लागली. कारण मला मधोमध चीर गेली होती.

घरमालक मोहनराव मनाचे वाईट नव्हते. पण माळवद गळतंय म्हटलं की त्यांचा उपाय एकच: पावसाळ्याआधी ट्रॉलीभर पांढरी माती वर पसरायची. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं. जुनी माती मात्र कुणी कधी उतरवली नाही. थरावर थर, थरावर थर! ज्याला ते डागडुजी म्हणत, ती माझ्या मानेवर चढत गेली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. माती गाळणं हीच माझी हाक.

एका सकाळी रोहिणीनं, स्वप्नालीच्या आईनं, बाळाच्या पापण्यांवरची माती फुंकली आणि वर पाहिलं. तिचा चेहराच उतरला. तिनं माझ्यावरून पाळणा सोडवला, बाळ अंगणात सासूजवळ दिलं आणि कागद घेतला.

"कशापायी लिहिती?" तिचा नवरा अंगद म्हणाला. "मालक म्हणला खोली खाली करा, तर कुठं जावं?"

"आन् ही खाली आली, तर?"

अंगदनं माझ्याकडं पाहिलं. "मग जरा गोड लिही."

"गोडच लिहिते. पण गुळमुळीत न्हाई."

तिनं लिहिलं: 'आदरणीय मोहनराव आबांना नमस्कार. आपण दरसाल माती टाकता, त्याबद्दल आभारी आहोत. यंदा मात्र माती नको. तुळईला चीर गेली आहे. आधी टेकू द्यावा, वरची माती उतरवावी आणि तुळई बदलावी. तोवर आम्ही कुणालाही माळवदावर चढू देणार नाही. राग मानू नये.'

उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी मातीची ट्रॉलीच दारात आली. भिंतीला शिडी लागली. माझा जीव गोठला. आता एक घमेलं वर पडलं, की संपलं!

रोहिणी शिडीला धरून उभी राहिली.

"पोरी, चिठ्ठी वाचली म्या," मोहनराव म्हणाले. "अगं, बापापासनं माती टाकतोय आमी. कधी काय झालं का?"

"ती समदी अजून वरच हाय, आबा."

मोहनराव "बघू तरी," म्हणत आत आले, माझ्याखाली उभे राहिले. त्यांच्या टोपीवर माती झरली. मी खूप आवरलं, पण माझ्या पोटात कडाड् झालंच. मोहनराव चपला न घालताच अंगणात धावले.

"ट्रॉली माघारी घ्या रे! आत कुणी जाऊ नगा!"

"आत्ता नीट वाचली चिठ्ठी मालकानं," छबुबाई पुटपुटली.

मग टेकू लागले. वरची माती उतरली, कमरेएवढी निघाली. शेवटी मला दोर लावले.

मित्रांनो, घर गळू लागलं तर नुसतं वरून लिंपू नका, आत डोकावून बघा. भिंती, तुळया बोलत नाहीत. त्यांच्या वतीनं बोलणारं कुणीतरी लागतं. घर भाड्याचं असलं तरी दोन सरळ ओळी लिहा. भीती वाटेल. वाटू द्या. भीत भीत लिहिलेलंही पोचतं.

भिंतीवरून सुटताच मी मधोमध मोडले. आत नुसता भुसा उरला होता. दोर सुटले, मी धाडकन खाली आले, खोलीभर धूळ उडाली. ती हळूहळू बसली, तेव्हा मी भीत भीत पाहिलं.

माझ्याखाली कुणीच नव्हतं.