बेडूकबाईंचा डावा कान

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे आणि हल्ली मलाच नीट ऐकू येत नाही. हसा, खुशाल हसा. डॉक्टर लोक मला श्रवणयंत्र म्हणायचे, घरात मात्र मी 'कानाचं मशीन'. रंग फिकट, आकार काजूच्या बीएवढा, आणि कामाच्या दिवसांत माझा पत्ता एकच होता, तो म्हणजे बाईंचा डावा कान.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी भिंगाखाली माझ्या तारा जोडल्या. तिथे इतकी शांतता असायची की जग असेच असते, असा माझा समज झाला. तो समज घेऊनच मी डबीत बसून दुकानात आले आणि तिथून बाईंच्या कानात. पहिल्याच सकाळी बाईंच्या यजमानांनी चहात साखर ढवळली. त्या चमच्याचा खणखणाट ऐकून बाई आणि मी, दोघीही दचकलो.

बाई तेव्हा शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. लहानपणी तापात त्यांचा उजवा कान साफ गेला होता आणि डावा अर्धामुर्धा उरला होता. त्यामुळे माणसांचे ओठ बघून बोलणे ओळखायला त्या माझ्या कितीतरी आधी शिकल्या होत्या. मागच्या बाकावर कोण काय कुजबुजते ते त्यांना फळ्याजवळून कळायचे. मुलांना वाटायचे, बाईंना जादू येते. खरे सांगते, बाईंच्या डोळ्यांचा मला थोडा हेवाच वाटायचा. कानाचे काम डोळेच करायला लागले तर आपल्याला विचारणार कोण?

यजमान घड्याळे दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. बारीक कामाचा हात तो, त्यामुळे माझी बडदास्त काय वर्णावी! रोज संध्याकाळी दुकान बंद केले की ते मला मऊ ब्रशने पुसायचे, बॅटरी काढून ठेवायचे आणि बाईंसमोर बसून बजावायचे, "हे बघ, याला ओल लागू देऊ नकोस. तुझ्या त्या दलदलीत तर मुळीच नेऊ नकोस."

"बरं," बाई म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नेमके तिथेच जायचो.

शहर संपते तिथे ती दलदल होती. अर्धे वर्ष गुडघाभर पाणी, अर्धे वर्ष भेगाळलेला चिखल. कोरड्या दिवसांत बाई मुलांना घेऊन जायच्या आणि पायाखालची जमीन दाखवून सांगायच्या, "हळू चाला रे, खाली बेडूक झोपलेत." पाणी भरले की तेच बेडूक असा काही गलका करायचे! मी पुढे आयुष्यात पुष्कळ गलके ऐकले. पण एकमेकांना गप्प न बसवता केलेला गलका तेवढाच.

मग त्या दलदलीच्या कडेला राडारोड्याचे ट्रक रिकामे होऊ लागले. बाईंनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. प्रत्येक जण माझ्यात तोंड घालून ओरडायचा, जणू बाईंना ऐकू येत नाही म्हणून काम अडले होते. शेवटी बाई म्हणाल्या, "जिथे कायदे होतात तिथेच जाते." घड्याळजींनी विचारले, "आणि घरचा स्वयंपाक?" बाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. त्या दिवसापासून घड्याळजी स्वयंपाक शिकू लागले.

बाई निवडून आल्या, पण त्यांचा पक्ष हरला. त्यामुळे देशाच्या संसदेत त्यांना जागा मिळाली ती विरोधी बाकांवर, शेवटच्या रांगेत, थंड हवेच्या झोताखाली. मला दिवसभर नुसते घूं घूं ऐकू यायचे. त्यातच पहिल्या भाषणाचा दिवस आला. बाई घाबरल्या होत्या, मीही घाबरले होते. मी कानात नीट बसले नाही की शिट्टी वाजते, हा माझा जुना दोष. बाई उभ्या राहिल्या आणि मी अशी लांबलचक शिट्टी वाजवली की सभागृह चिडीचूप झाले.

"सभागृहात शिट्टी कोणी वाजवली?" अध्यक्षांनी दरडावून विचारले.

"माझ्या कानाने, अध्यक्ष महोदय," बाई म्हणाल्या. "त्याला समज देते."

सगळे हसले. मी शरमेने अर्धमेली झाले. पण त्या हशाने बाईंची भीती पळाली आणि त्या दलदलीवर छान बोलल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "चिखल वाळला म्हणजे बेडूक संपले असं नसतं. झोपलेल्या माणसाला कोणी पुरतं का?"

समोरून मंत्रिमहोदय उठले. "बेडूकबाई, तुमचे बेडूक मतदान करतात का?"

"नाही करत. म्हणून तर त्यांच्यासाठी मी उभी आहे."

त्या दिवसापासून त्यांचे नाव बेडूकबाई पडले. चिडवायला ठेवलेले नाव बाईंनी सरळ लेकरासारखे कडेवर घेतले. दुसरा कोणी असता तर तोंड फुगवून बसला असता.

मित्रांनो, विरोधी बाकावरचे काम म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. प्रश्न विचारायचा, उत्तर मिळायचे, 'माहिती गोळा करण्याचे काम चालू आहे.' सत्तेतले काही सदस्य दालनाबाहेर गाठून बाईंना म्हणायचे, "बाई, तुमचं पटतं हो आम्हाला. आमच्याही गावाला तळं आहे." आत गेले की त्यांची वाचा बसायची. बाई घरी येऊन मला टेबलावर ठेवायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. त्यांचे थकणे मला फार लागायचे, कारण दिवसभरातले टोमणे त्यांच्या कानात घालणारी मीच.

अशातच एके वर्षी जमिनीचा नवा कायदा आला. त्यात एक ओळ होती की जी जमीन वर्षातले काही महिने जरी कोरडी पडते ती 'पडीक' समजावी. पडीक ठरली की कोणीही भर घालावी आणि इमारत उठवावी. म्हणजे दलदलीला मूठमातीच. बाईंनी एकच दुरुस्ती मांडली. ही ओळ काढा. बाकी कायदा तुमचा तुम्हाला लखलाभ.

मतदानाचा दिवस उजाडला. घड्याळजींनी दुकान बंद ठेवले आणि ते वरच्या प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसले. नेमके त्याच दिवशी बाईंच्याच पक्षाचे लोक एका मंत्र्याच्या कुठल्याशा शेऱ्यावरून भडकले आणि अध्यक्षांच्या आसनासमोर जाऊन घोषणा देऊ लागले. त्यांच्या नेत्याने बाईंना खुणावले, तुम्हीही या. बाई हलल्या नाहीत. पण तो गोंधळ मला सोसवेना. माझ्यासारख्या जुन्या यंत्राला निवड कळत नाही, सगळेच आवाज मोठे करून आत सोडायचे. बाईंनी कपाळाला आठी घातली, मला कानातून काढले, बंद केले आणि समोरच्या बाकावर ठेवले.

पुढचे मी ऐकलेले नाही. बाईंच्या शेजारी एक म्हातारे डॉक्टर सदस्य बसायचे. त्यांनी ही हकिकत पुढे इतक्या जणांना सांगितली की ती मला पाठ झाली.

त्या हलकल्लोळात अध्यक्षांनी कामकाज तसेच पुढे रेटले. एकेक दुरुस्ती आवाजी मतदानाला टाकायची, 'होय' म्हणणारे कोण, 'नाही' म्हणणारे कोण ते कानाने जोखायचे, आणि निकाल दोनदा उच्चारायचा. दुसऱ्यांदा उच्चारला की विषय संपला. घोषणा देणाऱ्यांना यातले अक्षरही ऐकू येत नव्हते. आपलीच दुरुस्ती आपल्याच आरड्याओरड्यात बुडते आहे, याचा कोणाला पत्ता नव्हता.

बाई मात्र अध्यक्षांच्या ओठांकडे बघत होत्या. ओठांनी बाईंच्या दुरुस्तीचे नाव घेतले. मग ओठ म्हणाले, 'नाही'चे बहुमत. ते दुसऱ्यांदा उघडणार, तेवढ्यात बाई ताडकन उठल्या.

"अध्यक्ष महोदय, मतविभाजन हवं!"

मी कानात नसले की बाईंना स्वतःचा आवाजही कळत नाही. त्यामुळे तो असा निघाला की छत दणाणले. सगळे घोषणा विसरून मागे बघू लागले.

"कसलं मतविभाजन?" त्यांच्याच नेत्याने विचारले.

बाईंनी त्याचे ओठ वाचले. "माझ्या दुरुस्तीचं. तुम्ही ओरडत होतात तेवढ्यात ती पडत होती."

नेता आणि त्याच्यामागोमाग बाकीचेही जागेवर जाऊन बसले.

घंटा वाजली, दारे बंद झाली. आवाजी मतदानात 'नाही' कोण म्हणाले हे गर्दीत लपून जाते, मतविभाजनात प्रत्येकाचे नाव फलकावर लागते. या दुरुस्तीवर अशी वेळ येईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, त्यामुळे सत्तेतल्या पक्षाने आपल्या लोकांना अमुकच मत द्या असा आदेशही दिला नव्हता. तळ्याकाठच्या गावांतून आलेले ते सदस्य एकमेकांकडे बघू लागले. त्यांना घरी जाऊन तोंड दाखवायचे होते. काहींनी मान खाली घालून 'होय'चे बटण दाबले.

थोडक्या मतांनी का होईना, बाईंची दुरुस्ती मंजूर झाली. ती ओळ गेली.

मग आजूबाजूचे सदस्य बाके वाजवू लागले. बाईंना ते ऐकू येईना, त्या बावरून इकडेतिकडे बघत होत्या. डॉक्टरांनी त्यांचा तळहात धरून बाकावर टेकवला. लाकूड थरथरत होते. मीही तिथेच पडले होते आणि त्या थरथरीने टुणटुण उडत होते. ती शाबासकी आम्ही दोघींनी एकदमच घेतली. मला आनंदाने भरून आले.

बाईंनी वर सज्जाकडे पाहिले. तिथे प्रेक्षकांना बोलायला आणि टाळ्या वाजवायला बंदी आहे, रखवालदार उभाच असतो. घड्याळजी कठड्याशी उभे होते. त्यांनी सावकाश ओठ हलवले, आवाज मात्र अजिबात काढला नाही. रखवालदाराने वळून पाहिले, पण काय म्हणून हटकणार? बाईंनी तोंडावर हात धरला. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग त्याही तशाच, बिनआवाजाचे काहीतरी बोलल्या.

डॉक्टरांनी खुणेने विचारले, काय म्हणाले हो?

"घरचं बोलणं आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला उचलून कानात घातले. तोवर बोलणे संपले होते. उभा जन्म मी बाईंना ऐकवण्यात घालवला, पण त्या दोघांचे ते बोलणे मला आजतागायत माहीत नाही.

आता बाईंच्या कानात नवे, मटाराएवढे यंत्र आहे. ते शहाणे आहे, शिट्टी वाजवत नाही. मी घड्याळजींच्या खणात असते. कोणी काढले तर जरा घुरघुरते, एवढेच.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचे कानाचे मशीन असेल तर त्याला ओल लागू देऊ नका, बॅटरी काढून ठेवा. आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यावर लांबून ओरडू नका. समोर जा, तोंड उजेडात धरा, ते तुमच्याकडे पाहीपर्यंत थांबा. खाली सदस्य बाके बडवत होते तेव्हा घड्याळजी वर कठड्याशी थांबून राहिले होते. बाईंनी मान वर केली, तेव्हाच ते बोलले.