झोपलेला कुत्रा

या, जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या. गोष्ट वीतभर आहे, पण मन घट्ट धरून ऐका.

एक मामा सायकली दुरुस्त करायचे. देवाने त्यांचे कान काढून घेतले आणि सगळं ऐकणं बोटांत ठेवलं. त्यांची भाची बीएमएक्सच्या, म्हणजे उड्यांच्या सायकल शर्यतीत उतरायची. गेल्या वर्षी उडीआधी मागच्या चाकाच्या मधल्या जुन्या हबने पकड सोडली, पेडल मोकळं फिरलं आणि पोरीचं खांद्याचं हाड मोडलं. म्हणून यंदा दोघांनी पारखून नवा हब बसवला. पाय हलताच पकडणारा.

अंतिम फेरीला दहा मिनिटं होती. गारठा होता. मामांनी फ्रेमवर बोटं टेकवून मागचं चाक फिरवलं.

"थांब. एक कुत्रा उठत नाही."

हबच्या आत दात्यांना धरणारे चार खटके असतात. कारागीर त्यांना कुत्रे म्हणतात; एखादा झोपला की पकड सुटते.

"मामा, नवाकोरा आहे. आवाज बघ किती मऊ येतोय."

"मला काय आवाज दाखवतेस? आत काय भरलंस?"

तिने मान खाली घातली. मग त्यांना ओठ दिसावेत म्हणून वर केली. "जाड ग्रीस. तूच म्हणतोस, वंगणात कंजुषी नको."

"ते बेअरिंगला. गारठ्यात थिजतं ते. कुत्र्यांना थेंबभर पातळ तेल. पोट फुटेस्तोवर खायला घातलंस, आता भुंकतील कशाला?"

चाक उतरलं, टेबलावर हब उघडला. मामा रॉकेलच्या फडक्याने एकेक कुत्रा पुसू लागले. केसाएवढी स्प्रिंग चिमटीत होती. उडाली तर संपलंच.

तेवढ्यात कर्ण्यावर तिचा नंबर पुकारला. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा पुकारला की बाद.

सांगितलं तर मामांचा हात थरथरेल. नाही सांगितलं तर वर्ष गेलं. पोरीने ओठ मिटले. मनात नाम घेत ती त्या चिमटीकडे बघत राहिली.

चौथा कुत्रा टपकन उठला. चाक बसलं, नट आवळले.

"पळ आता. दोनदा पुकारलं ना?"

"तुला कसं कळलं?"

"कर्ण्याने टेबल थरथरलं दोनदा. तू गप्प राहून घाई केली नाहीस म्हणून हात स्थिर राहिला गं."

तिसरा पुकारा होताना ती सुरुवातीच्या फाटकावर पोचली. फाटक पडलं, शर्यत सुटली. तिने सगळा भार पेडलवर टाकला.

हबने पकडलं. उडीवरही पकडलं.

बाबांनो, कुठे सायकलच्या मागच्या चाकाची टिकटिक कानावर आली, तर ती ज्यांना ऐकू येत नव्हती, त्या मामांची आठवण काढा.