डावीकडून उशिरा

रेफरीला चष्मा लागलाय असं ओरडणारे प्रेक्षक जगात कमी नाहीत. पण तो चष्मा खरोखर करून देऊ शकेल असा माणूस त्या फुटबॉलच्या मैदानावर एकच होता. स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं आणि लहानथोर सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. ऑफसाइड चुकला की चष्मेवाले बाकावरून उठत आणि ओरडत, "दुकानात ये रे बाबा, फुकट देतो!" पंचवीस वर्षं हा एकच विनोद. आणि शेजारी बसलेला मेहुणा पंचवीस वर्षं तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने टेलर. क्लबचा निळा-पिवळा झेंडा त्यानेच शिवलेला. फाटला की शिवायचा, पुन्हा फाटला की पुन्हा. क्लब तिसऱ्या डिव्हिजनमधला, त्यातही कायम तळाला. टीव्हीवर मोठ्या लीगचे सामने सोडून या दोघांनी दर शनिवारी पत्र्याच्या छपराखाली का बसावं, हे चष्मेवाल्यांच्या बायकोला शेवटपर्यंत कळलं नाही. ती सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर घरात बोलायला कुणी उरलं नाही आणि सबंध आठवड्याचं बोलणं शनिवारावर येऊन पडलं.

बोलण्यासारखं चष्मेवाल्यांकडे भरपूर होतं. गोलकीपरने पायाने पास खेळत बसू नये, देवाने त्याला हात दिलेत. हरत असताना पंच्याऐंशीव्या मिनिटाला बदली खेळाडू पाठवणाऱ्या कोचला घरी पाठवावं. जर्सीवर जाहिराती इतक्या, की खेळाडूचा नंबर शोधावा लागतो. राजकारणावरची मतंही याच कापडाची होती. सरकारचं काही चुकलं की ते आधीच्या कोचच्या नावाने खडे फोडतं. विरोधी पक्ष गोलपोस्टपाशी उभा राहून कुणी पास देतंय का बघतो आणि मग ऑफसाइड दिला म्हणून रडतो. आणि निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलणाऱ्यांना निदान ट्रान्सफरची रक्कम तरी जाहीर करायला लावावी, म्हणजे कोण कितीचा ते लोकांना कळेल. मेहुण्याला हे सगळं पटत नसे. तो वाद घालायचा, पण मजेत, आणि मध्यंतरात चहा तोच आणायचा.

एका नियमाबाबत मात्र चष्मेवाले फार कडक होते. क्लब जिंकला तर 'आपण जिंकलो' म्हणायचं, आणि हरला तरी 'आपण हरलो' म्हणायचं. जिंकल्यावर 'आपण' आणि हरल्यावर 'ते' म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी प्रेक्षकच नव्हता. मेहुण्याला हा नियम त्यांनीच पहिल्या वर्षी दटावून शिकवला होता.

म्हणून तर तो फोन इतका झोंबला. निवडणुकीचा निकाल लागला त्या दुपारी मेहुण्याने फोन केला. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

"भावोजी, आम्ही जिंकलो!"

जिंकलेल्या पक्षाबद्दल चष्मेवाल्यांचं मत काही बरं नव्हतं, ते सोडा. त्यांच्या कानात अडकला तो 'आम्ही'.

"आम्ही म्हणजे कोण रे?" त्यांनी विचारलं. "आणि मग मी कोण?"

मेहुणा जरा गडबडला. मग म्हणाला, "तुम्ही तर तिकडचे ना."

तो हसत म्हणाला असेल. फोनवर हसू दिसत नाही. चष्मेवाल्यांनी फोन ठेवला आणि पुढच्या शनिवारी ते खरोखरच तिकडचे झाले. म्हणजे पश्चिमेची सावलीतली जागा सोडून समोर पूर्वेच्या गॅलरीत जाऊन बसले, जिथे दुपारभर ऊन थेट डोळ्यांवर येतं. लोकांना उन्हाचे चष्मे विकणारा माणूस कपाळावर हात धरून सामना बघतोय, हे पाहून तिकिटं फाडणारी बाईसुद्धा हसली. पण एकदा जाऊन बसल्यावर उठायचं कसं? मेहुणा मनवायला येईल, मग बघू, असं त्यांनी ठरवलं. मेहुणा आला नाही. तोही त्याच बहिणीचा भाऊ होता, ताठ मानेचा.

चष्मेवाल्यांनी दुकानातली एक छोटी दुर्बीण खिशात ठेवायला सुरुवात केली. खेळ नीट दिसावा म्हणून, असं ते स्वतःला सांगत. पण दुर्बीण अर्धा वेळ समोरच्या गॅलरीत, पाचव्या रांगेत, झेंडा मांडीवर घेऊन बसलेल्या एका टकलावर असायची.

आणि दुर्बिणीतून त्यांना एक गोष्ट दिसू लागली. चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला की मेहुण्याची मान रांगेबरोबर वळायची. डाव्या कोपऱ्यात गेला की आधी रांग वळायची, आणि मग रांग बघून मेहुणा. चहावाला डावीकडून आला तर हाताला कप लागेपर्यंत त्याला पत्ता नसायचा. एकदा पायऱ्या उतरताना तो डाव्या बाजूच्या माणसावर जाऊन आदळला आणि बराच वेळ माफी मागत राहिला.

हे चष्मेवाल्यांना नवीन नव्हतं.

त्यांच्या दुकानात काउंटरखाली लाकडी खोका होता. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड. पुन्हा तपासायची तारीख येईल त्या क्रमाने कार्डं लावलेली. सकाळी दुकान उघडलं की चष्मेवाले पुढची कार्डं काढत आणि एकेकाला फोन करत: "या, डोळे बघायची वेळ झालीय." वीस वर्षांत एकही फोन चुकला नव्हता. लोक स्वतः तारीख लक्षातच ठेवत नसत. चष्मेवाल्यांचा फोन आला की जायचं, नाही आला तर सगळं ठीक आहे, असं गल्लीत सगळ्यांनी धरलेलं होतं.

निवडणुकीच्या दोन महिने आधी त्यांनी मेहुण्याचे डोळे तपासले होते. नंबर वाढला नव्हता. शेवटी त्यांनी नेहमीप्रमाणे समोर बसून त्याला 'माझ्या नाकाकडे बघ' असं सांगून बाजूने बोट हळूहळू पुढे आणलं. दिसलं की सांग. उजवीकडून मेहुण्याने लगेच सांगितलं. डावीकडून बोट जरा जास्तच पुढे आल्यावर सांगितलं. मेहुणा आदल्या रात्री जागून झेंडा शिवत बसला होता, म्हणून चष्मेवाले म्हणाले, "थकवा असेल. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मी फोन करतो." कार्डावर त्यांनी लिहिलं: डावीकडून उशिरा. पुन्हा तपासणे. फरक असल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणे, काचबिंदूची शंका.

सहा महिन्यांनी ते कार्ड खोक्यात सगळ्यात पुढे आलं. चष्मेवाल्यांनी ते हातात घेतलं. फोनही उचलला. आणि मग तो 'आम्ही' आठवला. आधी त्याने फोन करू दे, असं मनात म्हणत त्यांनी कार्ड उचलून खोक्याच्या अगदी मागे टाकलं. दुसऱ्या दिवशी काढू, असंही म्हणाले होते.

त्यालाही आता चार महिने झाले होते. मध्ये त्यांच्या मुलीचा दुसऱ्या शहरातून फोन आला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मामाशी बोला ना. तुमचं राजकारण काहीही असो, मला मामा एकच आहे." चष्मेवाल्यांनी तिला सरकारच्या धोरणाबद्दल पाऊण तास ऐकवलं. मामाचं नाव काढलं नाही. त्यांची त्यांनाच लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस फार बोलतो.

मोसमाचा शेवटचा सामना आला. हरलो तर चौथ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे जिथे मैदानाला जाळीसुद्धा नसते. मध्यंतराला अजून कुणाचाच गोल झाला नव्हता. चष्मेवाल्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. समोर मेहुणा चहाचा कप बाकावर ठेवायला गेला, डावीकडे, आणि बाकाची कड त्याला दिसली नाही. कप खाली पडला. तो वाकून हाताने चाचपत राहिला.

चष्मेवाले उठले. मैदानाला अर्धा वळसा घालून पश्चिमेच्या पायऱ्या चढले आणि पाचव्या रांगेत आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसले. ती जागा मेहुण्याच्या डावीकडे होती. मेहुणा समोर बघत होता. त्याने मान वळवली नाही. रागावलाय, असं चष्मेवाल्यांना वाटलं, आणि मनातून त्यांना वाटू लागलं की रागावलेलाच असू दे, दिसलं नाही असं नको. सामना पुन्हा सुरू झाला. पाच मिनिटं गेली. मग त्यांनी हात उचलला आणि दुकानात आणत तसं बोट डावीकडून हळूहळू पुढे आणलं. कानाजवळून पुढे. गालाच्या पुढे. जवळजवळ नाकासमोर.

मेहुणा दचकला. "कोण? भावोजी? कधी आलात?"

"आत्ताच," चष्मेवाले कसेबसे म्हणाले. "तू दवाखान्यात गेलास का रे?"

"गेलो ना. मागच्या महिन्यात." मेहुणा साध्या आवाजात बोलत होता, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसा. "काचबिंदू म्हणाले. डावा बराच गेलाय, उजवाही सुरू झालाय. गेलेलं परत येत नाही म्हणे. उरलंय ते थेंब घालून राखायचं. मला तर कळलंच नाही. मशीनवर सगळं काम सुईखाली, समोरच. बाजूला बघतंय कोण?"

"मग आधी का नाही आलास माझ्याकडे?"

"तुमचा फोन नाही आला." मेहुण्याला या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. "म्हटलं, भांडण आपल्या जागी, पण डोळ्याचं काही असतं तर भावोजींनी फोन केलाच असता. फोन नाही, म्हणजे कार्डावर काही नाही."

चष्मेवाल्यांना वाटलं, याने शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. हा माणूस आपल्यावर रुसला होता आणि तरीही त्याने डोळे आपल्याच भरवशावर सोडले होते. गप्प राहणं सोपं होतं. ते कार्ड जगात दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

"कार्डावर होतं," ते म्हणाले. "तारीख आली तेव्हा मी कार्ड मागे टाकलं. मुद्दाम. तू आम्ही म्हणालास म्हणून."

मांडीवरच्या झेंड्याची शिवण मेहुणा अंगठ्याने चाचपत राहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चष्मेवाले रडत होते, आणि मेहुण्याला ते दिसत नव्हतं, कारण ते अजून डावीकडेच बसले होते.

शेवटच्या मिनिटांत डाव्या कोपऱ्यातून एक चेंडू आला आणि आपल्या गोलकीपरच्या हाताखालून आत गेला. रेफरीने सामना संपल्याची शिट्टी वाजवली. कुणी त्याच्यावर ओरडलंही नाही.

मेहुण्याने समोर बघतच विचारलं. "काय झालं? मला नाही दिसलं."

चष्मेवाले उठले, त्याच्यासमोरून पलीकडे गेले आणि त्याच्या उजव्या बाजूला बसले.

"हरलो," ते म्हणाले. "आपण हरलो."

मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो झेंड्याची घडी घालू लागला, आणि नेहमी चष्मेवाले धरायचे ते दुसरं टोकही त्याने स्वतःच धरलं.